बावची : औषध खरे, पण घरगुती लेप नको

शेताच्या बांधावर, पडीक जमिनीत व रस्त्याच्या कडेला बावचीचे झुडूप आपोआप उगवते. ठिपकेदार गोलसर पाने, निळसर जांभळी फुले आणि एकेक बी असलेल्या काळ्या, उग्र वासाच्या शेंगा ही तिची ओळख होय. एरवी ती तण म्हणून उपटली जाते. पण घरात कोणास पांढरे कोड उठले की तिच्याच बियांचा लेप केला जातो. हा लेप वैद्याच्या सल्ल्यावाचून लावणे योग्य नाही.

बावची गुणहीन आहे, असा याचा अर्थ नव्हे. आयुर्वेदाने तिला त्वचारोगावरील औषध मानले आहे. तिच्या बियांतील सोरालेन हे द्रव्य भारतीय संशोधकांनी १९३३ साली वेगळे केले. ते लावलेल्या त्वचेवर ठराविक अतिनील किरणे पडली असता रंग परत येण्यास मदत होते. परंतु मात्रा किंवा उन्हाचा वेळ चुकला, तर तीच त्वचा भाजते व फोड येतात. बियांचे चूर्ण पोटात घेतल्याने यकृतास इजा झाल्याचीही उदाहरणे नोंदली गेली आहेत.

याच बियांतील बाकुचिओल हे द्रव्य १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी वेगळे केले. आज ते चेहऱ्याच्या सुरकुत्यांवरील मलमांत वापरले जाते. मात्र ते शुद्ध केलेले असते. साध्या बावची तेलात सोरालेनही असते; म्हणून ते मलमाऐवजी चेहऱ्यास लावू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे एक भेद लोकांच्या मनावर बिंबविला पाहिजे. पांढरे कोड संसर्गाने पसरत नाही. त्यावरून सोयरीक मोडणे वा पंगतीत वेगळे बसविणे अन्यायाचे आहे. परंतु फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावर सरकारी आरोग्य केंद्रात औषध विनामूल्य मिळते व रोग बरा होतो. लेप लावण्यात महिने गेले, तर मज्जातंतूंची झालेली हानी पुष्कळदा भरून येत नाही.

तेव्हा चट्टा दिसताच प्रथम आरोग्य केंद्र गाठावे. बांधावरची बावची सरसकट उपटू नये. मात्र तिची लागवड करावयाची झाल्यास खरेदीदार व भाव आधी निश्चित करून घ्यावेत. वनस्पती आपल्या शिवारातील आहे, एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही.