चित्रावलोकन : पणजोबांचा देश, पडद्यावरचा देश

मराठी कुळातील चार घरे अमेरिकेत एकत्र जमली आणि सायंकाळी एखादा मराठी चित्रपट लावावयाचे ठरले, की वाद ठरलेलाच. वडीलधारी मंडळी म्हणतात, संतपट लावा. तरुण म्हणतात, काही नवे लावा. आणि मुले एवढेच विचारतात की, पडद्याखाली इंग्रजी ओळी आहेत ना?

वाद किरकोळ दिसला, तरी तो किरकोळ नव्हे. ज्यांचे पूर्वज गिरमिटावर अंगठा उठवून मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले आणि ज्यांची पुढील पिढी तेथून अमेरिकेत आली, त्या कित्येक घरांतून मराठी ही बोलण्यापेक्षा ऐकण्याचीच भाषा उरली आहे. महाराष्ट्राचे जे चित्र नातवंडांच्या मनात उभे राहते, ते पुष्कळदा या दोन-अडीच तासांतच. ते केवळ देवळाच्या कळसाचे असेल, तर 'इतका चांगला देश पणजोबांनी सोडला तरी का?' या प्रश्नास उत्तर मिळत नाही. पुढील अभिप्राय हीच कसोटी लावून दिले आहेत.

या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा चित्रपट आज पाहावयास मिळत नाही, हे दुर्दैव होय. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सावकारी पाश' (१९२५) हा बाबूराव पेंटरांचा मूकपट. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रात सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेला शेतकरी शहराची वाट धरतो; ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. त्या शेतकऱ्याच्या वाटेवर शहर होते; गिरमिटियांच्या वाटेवर समुद्र होता. भेद एवढाच.

'संत तुकाराम' (१९३६). प्रभातच्या या चित्रपटाचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पाहताना हात आपोआप जोडले जातात. परंतु चित्रपटाचा प्राण आहे तो गौरीबाईंची जिजाई. मूल आजारी पडताच वहाण हाती घेऊन विठ्ठलाला जाब विचारावयास निघणारी ही बाई भक्तिहीन नव्हे. चूल पेटती ठेवण्याचा भार जिच्यावर आहे तिची ती भक्ती आहे. वडीलधाऱ्यांचा आग्रह येथे पूर्णपणे योग्य ठरतो.

'कुंकू' (१९३७) हा सामाजिक बोलपट. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मनाने कधीच मान्य करीत नाही. शांता आपटे यांचा करारी चेहरा आजही जुना वाटत नाही. त्यांच्या तोंडी लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविता घातली आहे. मराठीस बिचकणारी नात तेथे तरी नक्कीच कान टवकारील! घरातील मुलींनी हा चित्रपट अवश्य पाहावा.

'श्यामची आई' (१९५३) हा आचार्य अत्रे यांचा चित्रपट. उत्कृष्ट कथापटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. येथील कोकण हे पुष्कळ मॉरिशसी मराठी घरांचे मूळ कोकण आहे. कर्जाने खंगत जाणारे घर आणि त्यातही मुलाला ताठ उभे राहावयास शिकविणारी आई वनमालाबाईंनी संयमाने उभी केली. काही प्रसंगी उपदेश अधिक होतो, अश्रूही अधिक वाहतात. तरी भित्र्या श्यामला पोहावयास धाडणारी ही आई पाहिली, म्हणजे माया आणि शिस्त ही वेगळी नसतात हे मुलांना न सांगता कळते.

'पिंजरा' (१९७२) हा व्ही. शांताराम यांचा तमाशापट. कथा बेतली आहे ती 'द ब्लू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटावर. परंतु मातीत ती अशी मिसळली आहे की परकी वाटत नाही. आदर्श मास्तरांचे अधःपतन डॉ. श्रीराम लागू यांनी अंगावर काटा यावा असे रंगविले आहे. रंगांचा भडकपणा आणि संध्याबाईंचा अतिअभिनय मात्र खटकतो. झाकरीचा ताल जपणाऱ्या घरांना राम कदम यांची ढोलकी पहिल्याच थापेला आपली वाटेल.

'अशी ही बनवा बनवी' (१९८८). चार तरुणांना पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही, म्हणून दोघे लुगडे नेसतात! अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांनी यात धमाल उडविली आहे. पुरुषांनी स्त्रीवेष घेण्याची अमेरिकन गंमत 'सम लाइक इट हॉट' (१९५९) मध्ये ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी तुलना करून पाहावी. परक्या शहरात डोक्यावर छप्पर शोधण्याची धडपड ज्यांनी सोसली आहे, ते इतरांहून थोडे अधिकच हसतील.

'श्वास' (२००४). कोकणातील आजोबा डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रासलेल्या नातवाला शहरात आणतात. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. दिग्दर्शक संदीप सावंत यांनी कोठेही आक्रोश होऊ दिलेला नाही. 'श्यामची आई'नंतर उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारा हा पहिला मराठी चित्रपट. भारतातर्फे त्याला ऑस्करसाठी पाठविले, तेव्हा प्रचारखर्चासाठी लोकांनी वर्गणी जमविली. आजोबा-नातवाने शेजारी बसून पाहावा असा याहून चांगला चित्रपट क्वचितच सापडेल.

'कोर्ट' (२०१४). चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात एका वृद्ध लोकशाहिराला, त्याच्या गाण्यामुळे एका गटार-कामगाराने आत्महत्या केली, या आरोपाखाली न्यायालयात खेचले जाते. गती संथ आहे. उतावळ्यांनी वाटेस जाऊ नये. परंतु इंग्रजी कलमे एकामागून एक वाचली जात असताना मुकाट बसलेला आरोपी पाहिला, म्हणजे न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठविणाऱ्यांची आठवण गिरमिटियांच्या वंशजांना आल्यावाचून राहणार नाही.

'सैराट' (२०१६). नागराज मंजुळे यांच्या या प्रेमकथेचे संगीत अजय-अतुल यांचे असून त्यातील वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण हॉलिवूडमध्ये झाले. पूर्वार्ध गाण्यांनी नाचवितो. उत्तरार्ध जातीचे क्रौर्य डोळ्यांपुढे आणतो. शेवट लहान मुलांनी पाहण्याजोगा नाही. मोठ्यांनी मात्र डोळे फिरवू नयेत. वेगवेगळ्या जातींची माणसे एकाच जहाजात आली, एकाच मळ्यात राबली. तेव्हा कोण काय गमावून आले याबरोबरच, कोण कशातून सुटून आले, हेही जाणून घेतले पाहिजे.

एवढे पाहिल्यावर वाद मिटावा. संतपट आणि नवा चित्रपट हे एकमेकांचे वैरी नव्हेत. तुकोबांच्या घरातील रिकामे मडके आणि श्यामच्या घरावरील कर्ज ही एकाच गोष्टीची पाने आहेत, आणि त्या गोष्टीतले पुढचे पान जहाजाचे आहे. आरंभ 'संत तुकाराम'ने करावा, दुसऱ्या सायंकाळी 'श्वास' लावावा आणि मुले थोडी मोठी झाली की 'सैराट'. चित्रपट चालू असता वडिलांनी वाक्यावाक्याला थांबवून अर्थ सांगू नये. इंग्रजी ओळी ते काम करतात, कानांना मराठी ऐकू द्यावी. मात्र दिवे लागल्यावर लगेच उठूही नये. पणजोबांचे गाव कोणते, ते कोणत्या बंदरी उतरले, घरात त्यांचे नाव कोणी ठेवले आहे, हे त्याच वेळी सांगावे. ते कोणत्याही चित्रपटात नाही, आणि सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.