आधी ओळख, मग निवाडा

पावसाळा लागला की पुण्यातल्या वसतिगृहांच्या आवारात कुठेतरी 'अळी, अळी!' अशी ओरड होते आणि पाठोपाठ चप्पल, केरसुणी नाहीतर रॉकेलचा बोळा येतो. आमचे मत असे की, त्या क्षणी पहिला प्रश्न 'हिला मारावे कसे?' हा नसून 'ही कोण?' हा असावा.

ओळख पटविण्यासाठी प्रथम झाड पाहावे. कारण बहुतेक अळ्या ठरावीक वनस्पतींवरच जगतात. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही बहुधा फुलपाखराची असते. तीच पुढे हिरवीगार होते आणि डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे दुहेरी शिंग बाहेर काढते. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिलेली राणी पाकोळीही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. रुईवरची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी त्या चिकातले विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला टाळतात. शेवग्याच्या खोडावर गर्दी करून बसणारे केसाळ सुरवंट मात्र हाताळू नयेत. त्यांच्या केसांनी खाज सुटते. मुलांना तेथून दूर ठेवावे; पण त्यासाठी खोड पेटविण्याचे कारण नाही. शेतकऱ्याला पिकावरील कीड आवरावीच लागते, हे खरे. परंतु कीड कोणती, हे त्यालाही आधी ओळखावे लागते.

भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश केला. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली हिरवळ आणि बारीक जीव चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा वर्षावासाचा नियम झाला, असे विनयपिटक सांगते. पंचशीलातील पहिले शील आपण रोज म्हणतो. त्याची परीक्षा अशा वेळी होते. शिक्का आधी आणि ओळख नंतर, या रीतीचे चटके आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत. ती रीत आपल्या मुलांच्या हातून, लहानशा जीवाबाबतही, चालू राहू नये.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे: प्रत्येक वसतिगृहात एक साधी वही ठेवावी. तारीख, झाड, अळीचा रंग, केस आहेत की नाहीत आणि शेवटी कोषातून कोण बाहेर आले, एवढे मुलांनी त्यात लिहावे. प्रज्ञा आणि करुणा यांचे शिक्षण एकाच पानावर होईल.