थकबाकीदार कोणी घडविला?

मुंबईतील जुन्या इमारतींचे मालक आपली कैफियत दोन शब्दांत मांडतात : 'अनधिकृत रहिवासी' आणि 'थकबाकी'. शब्दांना कायद्याचा वास आहे, म्हणून आपले अनेक साथीही ते ऐकताच गप्प होतात. गप्प होण्याचे काहीच कारण नाही.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरविला होता. तरीही ती राजरोस घेतली गेली, अर्थात पावतीविना. खोलीत नवा माणूस आला की मालकाला त्याचा वाटा हवा असे. तो मिळाला की भाडेपावतीवरील नाव बदले. कमी वाटला की तोच माणूस 'अनधिकृत पोटभाडेकरू' ठरे! विधिमंडळ हे जाणून होते. म्हणूनच त्याने आधी १९५९ मध्ये पोटभाडेकरूंना आणि पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना संरक्षण दिले. १९९९ च्या कायद्याने तर पागडीच वैध केली. मालकाचा गुन्हा असा धुऊन निघाला. ज्याच्याजवळ पावती नाही तो रहिवासी मात्र अनधिकृतच राहिला.

थकबाकीचे काय? जुन्या चाळीतील खोलीचे भाडे बहुधा त्याच खोलीच्या वीजबिलाहून कमी असते. ते थकावे कशाला? थकते, कारण भाडे नेणारा मेहताजी एके दिवशी येईनासा होतो आणि टपालाने पाठविलेला धनादेश 'घेण्यास नकार' या शेऱ्यानिशी परत येतो. १९४० च्या पातळीवर गोठविलेल्या भाड्यात इमारत सांभाळणे अशक्य होते, हे मालकांचे म्हणणे खोटे नव्हते; सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये ते मान्य केले आणि नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. एखाद्या वृद्ध मालकिणीची अडचण मला समजते. पण थकबाकीने भरलेली इमारत बिल्डर हौसेने विकत घेतो, ती भाड्यासाठी नव्हे. त्याला हवी जमीन. (रिकार्डो वाचलेल्या कुणालाही याचे नवल वाटू नये.) भाडे स्वीकारले तर भाडेकरू टिकतो, म्हणून ते नाकारायचे.

अशा वेळी 'भाडे भरू नका' अशी घोषणा देणारे आपले काही कार्यकर्ते मालकाच्या वकिलाचेच काम सोपे करतात. कायद्याचे संरक्षण भाडे देणाऱ्याला वा देण्यास तयार असणाऱ्याला आहे. दाव्याचे समन्स लागल्यापासून नव्वद दिवसांत सारी थकबाकी, पंधरा टक्के सरळ व्याज व दाव्याचा खर्च न्यायालयात भरावा लागतो आणि पुढेही भाडे नियमित भरावे लागते. मोर्चात हे कुणी सांगत नाही. चाळीचाळींतून पावत्या, परत आलेले लिफाफे, जुनी शिधापत्रिका यांची फाईल प्रत्येक खोलीसाठी तयार झाली पाहिजे. आणि शासनाकडे एक साधी मागणी केली पाहिजे : मालकाने नाकारलेले भाडे, दावा लागण्याची वाट न पाहता, म्हाडाच्या विभागीय कार्यालयात जमा करता यावे आणि त्या पावतीला मालकाच्या पावतीइतकीच किंमत असावी.