इंजिनाला पंखा, ड्रायव्हरला काय?



ट्रॅक्टरचे इंजिन तापले की समोरचा काटा लाल पट्ट्यात जातो. मालक बांधावरून ओरडतो, "बंद कर, बंद कर, हेड जाईल!" मग ट्रॅक्टर झाडाखाली घेतात, निवू देतात, रेडिएटरमध्ये पाणी ओततात. बरोबरच आहे, लाखमोलाची वस्तू आहे. पण त्याच ट्रॅक्टरवर सकाळपासून बसलेल्या माणसाच्या अंगाला असा काटा नसतो. इंजिनाला पाणी आहे, पंखा आहे, थर्मोस्टॅट आहे. ड्रायव्हरला काय आहे? डोक्याला गुंडाळलेला टॉवेल आणि सीटखाली चहासारखी तापलेली पाण्याची बाटली.

चैत्र-वैशाखात आपल्या कराड-वाळवा भागात पारा चाळिशीला टेकतो. नेमकी तीच वेळ नांगरटीची, रोटाव्हेटरची आणि आडसालीसाठी रान तयार करण्याची. खोडवा मोडलेले रान मोकळे असते, आसपास झाड नसते. एकीकडे उसाचे रान वारा अडवते, दुसरीकडे नांगरलेली ढेकळे ऊन परतवतात. मधे आपला ड्रायव्हर.

पूर्वी उन्हाळा नव्हता का? होता. पण तेव्हा औताला बैल होते. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, तिथले लोखंडी नांगर आपल्या वाडवडिलांनी बैलांमागे चालवले. पहाटे औत जुंपायचे आणि ऊन चढले की सोडायचे, हा नेम होता. माणसाला थांबायचे नसले तरी बैल धापा टाकायचा, त्याला सावली आणि पाणी दाखवावेच लागायचे. बैल थकत होता म्हणून माणूस वाचत होता. ट्रॅक्टर थकत नाही. डिझेल असेपर्यंत तो चालतो, आणि त्याच्याबरोबर माणसालाही चालावे लागते. यंत्र आले तेव्हा आपण बैलाचे कष्ट वाचवले, पण त्याच्यामुळे मिळणारी दुपारची सुट्टीही गमावली, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

आता ही उष्णता येते कुठून ते बघा. वरून ऊन, हे सगळ्यांना दिसते. पण रेडिएटरचा पंखा समोरची हवा ओढतो आणि इंजिनावरून तापलेली तीच हवा मागे ड्रायव्हरच्या अंगावर सोडतो. पायाखाली गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे तेल तापलेले असते. रोटाव्हेटर चालवताना वेग इतका कमी की स्वतःचा वारा लागत नाही. शिवाय हवामान खाते जे तापमान सांगते ते सावलीतले, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीतले, जमिनीपासून साधारण चार फुटांवरचे. रेडिओवर ४० अंश ऐकले म्हणजे ड्रायव्हरच्या अंगाला ४० अंशच लागतात असे समजू नका. त्याला लागणारी झळ त्याहून कितीतरी जास्त असते.

यावर सरळ उपाय म्हणजे एसी केबिनचा ट्रॅक्टर. असे ट्रॅक्टर आपल्या देशात आता बनतात, रस्त्याने दिसतातही. ऊसतोडणी यंत्रावरचा माणूस बंद, थंड केबिनमध्ये बसतो आणि त्याच्या शेजारून ऊस झेलत जाणाऱ्या ट्रॅक्टरवरचा माणूस उन्हात धूळ खात असतो, हेही आपण पाहतो. सरकारने २०२५ सालापासून नव्याने बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला. ट्रॅक्टरला ती सक्ती नाही. एसी केबिनचा ट्रॅक्टर साध्यापेक्षा बराच महाग पडतो, तेव्हा दोन-चार एकरवाल्याला मी तो घ्या म्हणणार नाही.

ज्यांच्याकडे केबिन आहे त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. ट्रॅक्टर सावलीत लावा. सुरू करताना आधी दारे उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. केबिनचा फिल्टर रोटाव्हेटरच्या धुळीने लवकर बुजतो, तो वरचेवर झाडा. रेडिएटर आणि एसीच्या जाळीत पाचटाचा चुरा अडकतो, तो रोज काढा. एसी गार करत नाही अशी तक्रार आली की गॅस भरण्याआधी जाळी बघा.

आणखी एक. धूळ नको म्हणून काही जण गावात काचेची केबिन बांधून घेतात, पण एसी बसवत नाहीत. अशी बंद काच म्हणजे पॉलीहाऊसच. काचेतून ऊन आत येते, पत्रा-सीट तापते आणि ती गरमी आतच कोंडते. एसी नसेल तर काचा नकोत, वारा मोकळा राहू द्या.

आता बाकीच्यांचे, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचे. आपल्या डोक्यावर हवा तो साधा हूड. तो कसा असावा? नुसता लोखंडी पत्रा ठोकला तर दुपारी तोच तवा होतो आणि वरून भाजतो. वरच्या बाजूला पांढरा रंग द्या. पत्र्याखाली दोन-तीन बोटे पोकळी सोडून प्लायवूडचा दुसरा थर बसवा. मधल्या हवेमुळे गरमी खाली उतरत नाही. हूड पुढे-मागे थोडा लांब ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही अडेल. पायाखाली रबरी मॅट टाका, सायलेन्सरला जाळीचे कवच बसवा. काळे रेक्झिनचे सीट तापते, त्यावर सुती कापड घाला.

हे काही नवे शास्त्र नाही. उन्हाळ्यात गाय दूध कमी देते म्हणून आपण गोठ्याच्या पत्र्याला पांढरा रंग देतो, वर पाचट पसरतो, पाण्याचे फवारे लावतो. डेअरीच्या मापात फरक दिसतो ना! मग ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसासाठी तोच पत्रा आणि तोच रंग का सुचत नाही? त्याचा घाम कुठल्या मापात मोजला जात नाही म्हणून?

खर्चाचे कारण मला पटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सात लाख मूळ किमतीच्या ट्रॅक्टरमागे ४९ हजार रुपये वाचतात. कर्णा, टेप, रंगीत दिवे आणि नावाच्या पट्ट्या यांना आपल्याकडे पैसे कमी पडत नाहीत. हौसेला मोल नसते हे खरे, पण आधी सावली, मग हौस.

मात्र एक गैरसमज नको. हलका हूड फक्त सावलीसाठी असतो. ट्रॅक्टर उलटला तर तो वजन पेलत नाही. त्यासाठी कारखान्यातून चाचणी होऊन येणारी मजबूत संरक्षक चौकट वेगळी असते आणि सीटबेल्ट त्या चौकटीबरोबरच वापरायचा असतो. हूड आहे म्हणून पाटाच्या कडेने धाडस करू नका.

आता वेळेचा प्रश्न. ट्रॅक्टरमालक म्हणतील, "साहेब, वळीव कधी येईल सांगता येत नाही, लोक रांगेत आहेत, दुपारी थांबलो तर हप्ता कोण भरणार?" अडचण खरी आहे, मीही शेतकऱ्याच्या घरातला आहे. पण दुपारी बारा ते चार थांबायचे म्हणजे काम बुडवायचे असे नाही. पहाटे पाचला सुरुवात करा, साडेअकराला थांबा, पुन्हा चारनंतर उरका. रात्री चालवायचे तर पुढचे-मागचे दिवे नीट हवेत आणि दिवसभर राबलेल्या माणसालाच रात्री बसवू नका. ड्रायव्हरला एकरावर किंवा तासावर पैसे मिळत असतील तर तो स्वतःहून थांबणार नाही. थांबण्याची वेळ मालकाने ठरवली पाहिजे. आणि भाड्याने ट्रॅक्टर सांगणाऱ्यानेही "आत्ताच्या आत्ता पाहिजे" हा हट्ट सोडला पाहिजे. भर दुपारच्या चार तासांनी कुणाचे रान पडीक राहिलेले नाही.

कारण घोटाळा झाला तर तो क्षणात होतो. झळ लागलेल्या माणसाच्या पोटऱ्यांत गोळे येतात, डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. चक्कर खाटेवर आली तर निभावते. ट्रॅक्टरवर आली तर मागे रोटाव्हेटर फिरत असतो. म्हणून ही लक्षणे दिसताच ट्रॅक्टर बंद करा, सावलीत बसा. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्या. माणूस असंबद्ध बडबडू लागला, अंग भट्टीसारखे तापले किंवा भान हरपले, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या कार्यक्रमात उन्हाने १४ जणांचा बळी घेतला. ती माणसे नुसती बसलेली होती. आपला ड्रायव्हर तर तापलेल्या इंजिनामागे बसतो.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सोसायटीच्या संचालकांनाही सांगणे आहे. उष्णतेच्या लाटेचा इशारा येतो तो मोबाईलच्या ग्रुपवर पडून राहतो. तो स्पीकरवरून वाचून दाखवा. गावातल्या ट्रॅक्टरमालकांना चैत्रातच एकदा बोलावून दुपारच्या सुट्टीची वेळ एकमताने ठरवा. एकटा थांबला तर त्याचे गिऱ्हाईक दुसरा नेतो, सगळे थांबले तर कुणाचेच नुकसान नाही. शिवारातल्या रस्त्याकडेला झाडे लावताना शेतरस्त्याच्या वळणावर सावलीची दोन झाडे मुद्दाम लावा.

आणि हे माझे वैयक्तिक मत, खात्याचे नव्हे. महाडीबीटीवरून ट्रॅक्टर व अवजारांना अनुदान मिळते. ते देताना सरकारने हूड आणि संरक्षक चौकट यांची अट घालावी आणि त्यासाठी थोडी रक्कम वाढवून द्यावी. नांगर, पेरणीयंत्र ही अवजारे असतील, तर ती चालवणाऱ्याची सावली हेही अवजारच आहे.

सरकार करील तेव्हा करील. तुम्ही पाडव्याला नवा ट्रॅक्टर घेणार असाल तर हुडाची किंमत त्याच कोटेशनमध्ये धरा. जुना असेल तर नांगरटीच्या आधी गावातल्या वेल्डरकडे एक दिवस लावा. आणि ड्रायव्हरच्या पाण्यासाठी एक थर्मास घ्या. तो मालकाने घ्यायचा, ड्रायव्हरने नव्हे.