मनाच्या आजाराला रंगीत रिपोर्ट कशाला हवा?



गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एक जाहिरात छापायला आली. 'डिप्रेशन आहे की नाही? १५ मिनिटांत मेंदूची तपासणी. सुई नाही, एक्स-रे नाही.' खाली लाल-निळा रंगवलेला मेंदू. केंद्राचं नाव देत नाही, प्रश्न एका दुकानाचा नाही. जाहिरातीचे पैसे छोट्या पेपरला किती लागतात हे मला विचारा. तरी नाही म्हणालो.

कारण त्याच दिवशी ओळखीतले एक काका आले होते. मुलगा आठ महिने खोलीबाहेर पडत नाही. त्यांच्याही हातात तेच पत्रक. म्हणाले, "रिपोर्टमध्ये काही निघालं तर दवाखाना करू. नाही निघालं तर मग पोरगं नाटकच करतंय असं समजायचं."

हे वाक्य ऐकून पोटात गोळा आला.

आधी मशीन समजून घ्या. कोरोनात बोटाला लावायचो तो ऑक्सिमीटर आठवतो? हे त्याचंच भावंड. लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडी आणि कवटीतून थोडा आत जातो. ऑक्सिजन असलेलं रक्त तो वेगळा शोषतं, नसलेलं वेगळा. परत येणाऱ्या प्रकाशावरून मेंदूच्या त्या भागात रक्त वाढलं की घटलं याचा अंदाज बांधतात. १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस या शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. तंत्र खोटं नाही, उलट गुणी आहे. एमआरआयच्या बोगद्यात झोपावं लागत नाही, आवाज नाही, खर्च कमी, लहान पोरंसुद्धा टोपी घालून बसतात. संशोधन जोरात व्हावं या मताचा मी आहे.

पण संशोधन वेगळं आणि निदान वेगळं.

यात सगळ्यात पुढे गेला जपान. तिथे डोक्याला सेन्सर लावून रुग्णाला ठराविक अक्षरापासून सुरू होणारे शब्द सांगायला लावतात आणि कपाळामागचा रक्तप्रवाह बघतात. २०१४ मध्ये तिथल्या सरकारी विम्यातही ही तपासणी आली. पण कशासाठी? उदासी दिसणाऱ्या रुग्णाला साधं नैराश्य आहे, बायपोलर आहे की स्किझोफ्रेनिया, हे ओळखायला डॉक्टरला मदत म्हणून. डॉक्टरऐवजी नव्हे. हा फरक महत्त्वाचाच आहे, कारण बायपोलरच्या रुग्णाला नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर तो उलट उन्मादात जाऊ शकतो.

त्याच वर्षी सात ठिकाणच्या रुग्णांवरचा मोठा जपानी अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या रुग्णांपैकी ७४.६ टक्के बरोबर ओळखले गेले. अभ्यास म्हणून उत्तम. पण हिशेब उलटा करा. शंभरातले पंचवीस चुकीच्या रांगेत! त्या पंचवीसात आपलं पोरगं असलं तर? आणि मशीन बरोबर की चूक हे ठरवलं कशावरून? मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णाशी बोलून केलेल्या निदानावरून. म्हणजे मोजपट्टी शेवटी माणूसच.

मर्यादा अजून आहेत. हा प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच पोचतो. भीती आणि भावनांशी जोडलेले खोलवरचे भाग त्याला दिसत नाहीत. कपाळाच्या कातडीतलं रक्तही आकड्यात मिसळतं. दाट काळे केस आणि सावळी कातडी प्रकाश जास्त शोषतात. म्हणजे आपल्यासारख्यांच्याच डोक्यावर सिग्नल अडखळायचा. पत्रकात यातलं एक अक्षर नाही.

मेंदूच्या मशीनवर आंधळा विश्वास ठेवायची आपली खोड जुनी आहे. तंत्र वेगळं होतं, पण २००८ मध्ये पुण्यात एका खुनाच्या खटल्यात 'ब्रेन मॅपिंग'चा अहवाल न्यायालयाने पुरावा म्हणून धरला होता. शेवटी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत.

खरं दुखणं वेगळंच आहे. माणूस "मला जगावंसं वाटत नाही" म्हणतो, ते आपल्याला पुरत नाही. आपल्याला कागद लागतो. पूर्वी देवऋषीचा अंगारा लागायचा, आता रंगीत प्रिंट लागते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर व्हावं. रंगीत मेंदूवर नव्हे. आणि तज्ज्ञ आहेत कुठे? राज्यात सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे. बाकी जिल्ह्यांनी काय करायचं? ही पोकळी सरकारने भरली नाही, की तिथे दुकानं उघडणारच. लोकप्रतिनिधींनो, हायमास्ट दिवे पुरे झाले, तालुक्याला महिन्यातून चार वेळा तरी मानसोपचारतज्ज्ञ बसवा.

काकांना मी एवढंच म्हणालो, "रिपोर्ट कोरा आला तरी पोरगं आठ महिने खोलीत आहे, ते खोटं होतं का?" ते बराच वेळ गप्प बसले. परवा मुलाला घेऊन जिल्हा रुग्णालयात जाऊन आले.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर १४४१६ वर फोन करा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे. आणि ते पत्रक तुमच्याकडे आलं तर एकच विचारा : निदान कोण करणार, डॉक्टर की टोपी?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.