पात्यावरचा पुरावा

जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून, संस्थानी मानकऱ्यांच्या वारसांकडील पेट्यांतून किंवा मुंबईच्या चोरबाजारातून जी शिकारी सुरी आज एखाद्या हौशी संग्राहकाच्या हाती येते, तिच्याबरोबर एक कहाणीही बहुधा येतेच. आणि त्या कहाणीत कोणी गोरा साहेब, एखादा नरभक्षक वाघ व सत्तावन सालचे बंड यांपैकी निदान दोन गोष्टी असल्यावाचून विकणाऱ्याचे समाधान होत नाही. कहाणी अवश्य ऐकावी, परंतु तिच्यापोटी एक रुपयाही अधिक मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरीचे वय सुरीवरूनच ठरवावयास हवे.

प्रथम पाहावयाचे ते मुठीलगतचे पाते, कारण कारखान्याचा ठसा तेथेच उमटविलेला असतो. आपल्याकडे उतरलेल्या विलायती सुऱ्यांचा मोठा हिस्सा इंग्लंडातील शेफील्ड शहरचा. आणि तेथील कारागिरांची चिन्हे नोंदविण्याचा अधिकार 1624 साली स्थापन झालेल्या कटलर्स कंपनीकडे असल्यामुळे कोणते चिन्ह कोणत्या पेढीचे, याची शहानिशा दप्तराच्या आधारे करता येते. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या विख्यात पेढीचे चिन्ह तारा आणि माल्टी क्रूस. त्याखेरीज पुष्कळ पात्यांवर राजमुकुट व त्याच्या दोन्ही बाजूंस राज्यकर्त्याची आद्याक्षरे आढळतात. ती ‘व्ही. आर.’ अशी असली तर 1837 ते 1901 हा व्हिक्टोरिया राणीचा अंमल समजावा. ‘जी. आर.’ असली तर मात्र उतावीळ होऊ नये, कारण चौथा जॉर्ज 1820 ते 1830, पाचवा 1910 ते 1936 आणि सहावा 1936 ते 1952 असे या अक्षरांचे निदान तीन धनी आहेत. आणि विक्रेता यांपैकी कोणता जॉर्ज निवडील हे सांगावयास ज्योतिषी नको.

दुसरा दाखला देशाच्या नावाचा. जर्मनीतील झोलिंगेनचा माल शेफील्डच्या नावावर खपतो, अशी इंग्रज कारखानदारांची जुनी तक्रार होती; तिच्या परिणामी 1887 साली ब्रिटिश पार्लमेंटाने व्यापारचिन्हांचा कायदा केला, आणि ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे, जी लाज आणण्यासाठी योजिली होती, तीच पुढे प्रतिष्ठेची ठरली. पुढे 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. म्हणून पात्यावर ‘इंग्लंड’ असा ठसा दिसला तर ती सुरी सामान्यतः 1891 च्या नंतरची धरावी. ठसा नसला तर मात्र ती त्यापूर्वीची असे सिद्ध होत नाही, कारण हिंदुस्थानात येणाऱ्या मालावर अमेरिकेचा हुकूम चालत नव्हता; पुरावा आणि पुराव्याचा अभाव यांतील हा भेद आमचे हौशी लोक सर्रास विसरतात. ‘वेस्ट जर्मनी’ हा ठसा असला तर काम सोपे होते, कारण तो देशच 1949 ते 1990 एवढाच काळ होता.

ठशाहून जुन्या वस्तूचे वय अधिक निर्दयपणे उघड करतात ती तिची द्रव्ये. शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्लीने 1913 साली गंजास दाद न देणारे पोलाद सिद्ध केले. तेव्हा ‘स्टेनलेस’ असे कोरलेले पाते राणीच्या काळचे असणे शक्य नाही. बेकेलाइटची मूठ 1907 च्या अलीकडचीच. आणि मुठीच्या पट्ट्या बेरजेच्या चिन्हासारखी खाच असलेल्या स्क्रूंनी बसविलेल्या असतील, तर तो स्क्रू 1930 नंतरच्या दशकात प्रचारात आला एवढे ध्यानात ठेवून सत्तावन सालचा साहेब निमूटपणे निरोप देऊन पाठवावा. वस्तूत जो सर्वांत नवा मूळ भाग असेल, त्याहून वस्तू जुनी असू शकत नाही.

मुठीकडे मी सर्वांत अधिक वेळ देतो, कारण तेथे आपल्या भूमीचाही संबंध येतो: इंग्लंड व जर्मनीतील उत्तम शिकारी सुऱ्यांच्या कित्येक मुठी हिंदुस्थानातून गेलेल्या सांबरशिंगाच्या असत. शिंग सुकताना आकसते, धातू आकसत नाही. त्यामुळे खऱ्या जुन्या सुरीत मूठ व तिच्या टोकांवरील धातूची कड यांवरून नख फिरविले, की धातू किंचित वर आलेला लागतो, आणि रिवेटची डोकी बोटाला जाणवतात. नव्याने जुनी केलेल्या सुरीत सर्व पृष्ठभाग एकसपाट लागतात. भिंगाखाली गंज पाहावा: काळाने आलेला गंज ओल धरणाऱ्या सांध्यांत दाट व उघड्या भागी विरळ असतो, आम्लाने आणलेला गंज पात्यावर सर्वत्र सारखा पसरलेला दिसतो. पाते वर्षानुवर्षे सहाणेवर घासून अरुंद झाले असेल, तर मूठही तितकीच झिजलेली पाहिजे. झिजलेले पाते व टवटवीत मूठ यांची जोडी संशयास्पद. म्यानही हाच न्याय सांगते. आतल्या चामड्यावर पडलेला वळ सुरीच्या आकाराशी जुळत नसेल, तर दोघांचा संसार बाजारात जमलेला आहे.

अमेरिकेत जिम बोवीच्या 1827 मधील झुंजीनंतर त्याच्या नावाच्या सुरीची जी लाट आली, तिचा पुरवठा मुख्यतः शेफील्डनेच केला. तिच्या नकला पुढे इतक्या झाल्या, की तेथील संग्राहक अस्सल म्हणवणाऱ्या प्रत्येक बोवी सुरीकडे गुन्हेगाराकडे पाहावे तसे पाहतात. तो संशय मला निरोगी वाटतो.

या साऱ्या पुराव्याचा घात मात्र नकली विक्रेत्यापेक्षा आमचे प्रामाणिक मालक अधिक करतात. दिवाळीच्या साफसफाईत आजोबांची सुरी चिंच, राख किंवा बाजारू पॉलिश लावून लखलखीत केली जाते. त्यात ठशाची उथळ अक्षरे प्रथम जातात, मग जुन्या धातूवरील काळपट छटा जाते, आणि जी वस्तू ‘1891 नंतर व महायुद्धापूर्वी’ असे सांगू शकली असती ती कायमची मुकी होते. असे मर्यादेचे उत्तर पुष्कळांना अपुरे वाटते. मला एका ठाम सालापेक्षा तेच अधिक विश्वसनीय वाटते.

म्हणून घरी अशी सुरी असेल त्यांना माझी विनंती एवढीच: ती घासू नका. कोरड्या कापडाने धूळ पुसा, पात्याला तेलाचा हलका हात द्या, आणि ती म्यानातून काढून वेगळी ठेवा, कारण चामडे ओल धरते व गंज आणते. ठशाचे तिरप्या उजेडात छायाचित्र घ्या. आजोबांनी ती कोणाकडून व केव्हा घेतली हे घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या हयातीतच विचारून कागदावर सहीनिशी उतरवून घ्या. आणि मूठ हस्तिदंती असेल तर तिची किंमत विचारीत बाजारात हिंडू नका. हस्तिदंताचा व्यापार या देशात कायद्याने बंद आहे.