हरण्याचें भांडवल

काटेवाडीपासून इंदापुरापर्यंत कोणत्याही गांवच्या जत्रेंत आखाड्याभोंवतीं बसलेल्या जाणत्या म्हाताऱ्यास नुरा कुस्ती तेव्हांच ओळखतां येते, आणि ठरवून पाठ टेकणाऱ्या मल्लास तो क्षमा करीत नाहीं. अमेरिकेंतील बास्केटबॉल-पंडितांनीं मात्र याच कृत्यास ‘पुनर्बांधणी’ असें गोंडस नांव दिलें आहे. तेथें नवे खेळाडू निवडतांना तळाच्या संघांस अग्रक्रमाची संधि अधिक मिळते. म्हणून आज मुद्दाम हरावें व उद्यां जिंकावें, असा हा हिशेब!

हिशेबच करावयाचा तर तो पुरता करूं. फिलाडेल्फियाच्या संघानें २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत २४६ पैकीं १९९ सामने गमावले. त्या पराभवांतून एम्बीड व सिमन्स लाभले. तरी २०२५ पर्यंत हा संघ अंतिम लढतीस पोंचला नाहीं.

यावर प्रतिपक्षी सॅन अँटोनिओचा दाखला देतील. १९९७ मध्यें तळाशीं गेलेल्या त्या संघास डंकन मिळाला व पुढें पांच विजेतेपदें आलीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांतील चार विजयांत डंकनच्या खांद्याशीं खांदा लावणारा पार्कर २८ वा, तर जिनोबिली ५७ वा निवडलेला होता. हे दोघे पराभवाचें बक्षीस नव्हते. तें पारखीचें फळ होतें.

पुढें २०१९ मध्यें तळाच्या तिन्ही संघांस पहिल्या निवडीची संधि सारखीच, शेंकडा १४, करण्यांत आली. म्हणजे हरणाराच्या पदरीं निश्चित पडते ती एकच वस्तु : हरण्याची संवय. वस्ताद हरलेल्या पोरास पुन्हां मातींत उतरवितो. मुद्दाम हरणाऱ्यास तो काय शिकविणार?